सोपाऱ्याचा गोविंददास आणि नाणेघाटातलं टाकं

(पॉडकास्टच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी जसंच्या तसं.)

नाणेघाट असं फोनवर शोधलंत की आधी उलट्या धबधब्याचे व्हिडिओ येतात. पावसाळा, सुसाट वारा, कड्यावरून पडणारं पाणी परत वर उडतंय आणि काठावर रेनकोटमधली ही एवढी गर्दी. मस्त असतं ते, मीही दोनदा जाऊन भिजून आलोय. पण तिथे जुन्नरच्या बाजूनं गाडी थेट वरपर्यंत जाते. त्यामुळे गंमत अशी होते की नाणेघाटला जाऊन आलेल्या कितीतरी लोकांनी घाट पाहिलेलाच नसतो. घाट म्हणजे ती चढणारी वाट. ती खाली कोकणात सुरू होते, कल्याण–माळशेज रस्त्यावर, वैशाखरे गाव सोडलं की थोडं पुढे.

त्या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका राणीचा मोठाच्या मोठा शिलालेख आहे. त्याच्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल, शाळेच्या पुस्तकात एखादी ओळ असतेच. पण त्याच घाटात एका पाण्याच्या टाक्यावर आणखी एक लेख नोंदला गेलाय. इतका छोटा की व्हॉट्सॅप स्टेटसमध्ये मावेल. सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान, एक पोढी. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. हो, विरार लोकलवालं.

आज मला या गोविंददासाबद्दल बोलायचंय. तो कोण होता, काय धंदा करायचा, यातलं काही लेखात नाही. नाव, गाव आणि टाकं, एवढंच. पण ती वाट खालून पायी चढलात ना, तर त्यानं टाकंच का दिलं असेल हे फार विचार करून शोधावं लागत नाही.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला समुद्र, मग कोकणची चिंचोळी पट्टी, मग एकदम सह्याद्रीची भिंत, आणि भिंतीच्या वर देश. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, देशावर. जहाजं लागायची कल्याणला आणि सोपाऱ्याला. मधे ही भिंत. माल एकीकडून दुसरीकडे न्यायचा तर भिंतीत कुठेतरी खाच पाहिजे. नाणेघाट ही तशी खाच आहे. ती चढून वर आलात की पहिलं मोठं गाव जुन्नर, साधारण तीसेक किलोमीटरवर. म्हणून जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. इतकी लेणी खोदायला पैसा लागतो, आणि पैशाचा एक मोठा झरा या वाटेनं वर यायचा.

इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा बोलणाऱ्या माणसानं समुद्री व्यापाराचं एक गाइड लिहिलं, पेरिप्लस नावाचं. त्यात कल्याण आहे, सोपारा आहे, पैठण आणि तगर म्हणजे आपलं तेरसुद्धा आहे. एक तक्रारही आहे: कल्याण बंदराची पूर्वी भरभराट होती, आता तिथे ग्रीक जहाज चुकून लागलं तर पहारा बसवून भडोचला पाठवतात. म्हणजे दोन सत्तांच्या भांडणात बंदर अडकलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी फायरवॉलमध्ये पोर्टच ब्लॉक करून टाकलं.

आता वाट. मी आणि माझा मित्र गेल्या फेब्रुवारीच्या शेवटी ती चढलो. हा मित्र इंजिनिअरिंगला चार वर्षं रूममेट होता. फुटबॉल खेळताना त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर दीड वर्षं तो एकही डोंगर चढला नव्हता. फिजिओनं सांगितलेलं की चढणं चालेल, उतरताना जपायचं. म्हणून आम्ही ठरवलं की फक्त चढायचं. कोकणातून वर, रात्री घाटघर गावात मुक्काम, सकाळी एसटीनं जुन्नर. आम्हाला वाटलं आपण गुडघ्यासाठी शोधलेला जुगाड आहे. नंतर लक्षात आलं, बंदरावरून माल घेऊन येणारा अगदी असाच यायचा. खालून वर, आणि मग पुढे जुन्नरला.

फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा आठ वाजत आले होते. सुरुवातीला सपाटीचं जंगल आहे, पानगळ झालेली, पायाखाली सगळा चुरचुर आवाज. मग वाट कोरड्या ओढ्याच्या जवळून जाते आणि हळूहळू चढ लागतो. एकूण चढ साधारण सहाशे मीटर. सरावाची माणसं दोन-अडीच तासांत वर जातात. आम्हाला चार तास लागले.

डोंगरात दोघं चालताना एक नियम आपोआप तयार होतो. जो हळू, त्याचा वेग. पण हा नियम पाळणं वाटतं तितकं सोपं नसतं. पुढचा माणूस वळणावर थांबतो, मागचा धापा टाकत तिथे पोचतो, आणि तो पोचला की पुढचा लगेच निघतो, कारण त्याची विश्रांती झालेली असते. मागच्याची होतच नाही. ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये हे चालतं. आम्ही साधा उपाय केला, मित्राला पुढे ठेवलं. त्याच्या पाठीकडे बघत चालायचं. तो थांबला की थांबायचं आणि तो निघेल तेव्हाच निघायचं.

इथे एक शब्द सांगतो, मला फार आवडतो. जुन्या काळी व्यापारी एकटेदुकटे प्रवास करत नसत. बैल, माणसं, माल, राखण करणारे असा सगळा तांडा एकत्र निघायचा. संस्कृतात त्याला सार्थ म्हणतात, आणि तांड्याच्या म्होरक्याला सार्थवाह. या सार्थ शब्दावरूनच आपला साथ हा शब्द आलाय. साथ देणे, साथीदार, सगळे तिथलेच. म्हणजे आपण एकमेकांना "साथ दे यार" म्हणतो तेव्हा मुळात म्हणत असतो की माझ्या तांड्यात ये. आणि तांड्याचा वेग कोण ठरवतं? सगळ्यात लंगडा बैल.

हे मी मित्राला चढावर सांगितलं. तो म्हणाला, "मला बैल म्हणालास, ते ठीक आहे. लंगडा म्हणालास ते लक्षात ठेवीन."

साडेदहाच्या सुमाराला एका मोठ्या दगडावरून चढताना त्याच्या सॅकच्या बाजूच्या खिशातली दोन लिटरची बाटली निसटली, दोनदा आपटली आणि खालच्या कपारीत गायब. आवाज आला फक्त. आमच्याकडे उरलं माझ्या बाटलीतलं लिटरभर पाणी आणि दोन संत्री. फेब्रुवारी असला तरी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, वारा पडलेल्या नाळेत, काळा दगड तापायला लागला की कोकणातली दमट हवा अंगाला चिकटते. घाम येतो, पण वाळत नाही. अर्ध्या तासात मित्राच्या पोटरीत गोळा आला. चांगल्या पायाच्या पोटरीत, कारण तो सगळं वजन त्याच पायावर घेत होता.

तो बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मी इथेच थांबतो, तू वर जाऊन ये." मी म्हटलं, "आणि मग तू उतरणार कसा?" उतरणं तर त्याला मनाच होतं. त्यामुळे मागे फिरायचा पर्याय आमच्याकडे नव्हताच. दोघंही गप्प बसलो. मैत्रीत अशी एक शांतता असते की जिच्यात दोघांनाही माहीत असतं समोरचा घाबरलाय, आणि बोलत कुणीच नाही.

तेवढ्यात वरून एक मावशी उतरत आल्या. डोक्यावर लाकडाची मोळी, पायात साधी स्लिपर. आमच्याकडे बघून थांबल्या. म्हणाल्या, "उन्हात नका बसू रं पोरांनो. अजून थोडं चढा, वर टाक्यात पानी हाय." आणि मोळी न हलवता गेल्यासुद्धा. आमच्याजवळ पाणी नाही हे आम्ही सांगितलंच नव्हतं. त्या वाटेवर बसलेल्या माणसाला काय हवं असतं हे त्यांना ठाऊक होतं, बस.

संत्रं सोललं, थोडं मीठ चाटलं, पोटरी चोळली आणि निघालो. शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या लागतात, झिजून मधे खोलगट झालेल्या. किती पायांनी आणि खुरांनी झिजल्या असतील असा विचार मी एरवी केला असता. त्या वेळी मी फक्त मोजत होतो, वीस पायऱ्या आणि एक थांबा.

आणि मग टाकं. खडकाच्या पोटात, सावलीत, काळंभोर पाणी. आम्ही रुमालातून गाळून घेतलं, शुद्धीकरणाची गोळी टाकली आणि अर्धा तास वाट बघायची होती ती बघितली. (गोळी टाकाच. टाक्यात आता प्लास्टिकच्या पिशव्याही पडलेल्या असतात.) त्या अर्ध्या तासात मित्र टाक्याच्या काठावर पाण्यात हात घालून बसला होता आणि उगाचच हसत होता. मलाही हसू येत होतं. कारण काहीच नाही. ट्रेकमधला आनंद म्हणजे वरून दिसणारा नजारा असं सगळे सांगतात, पण मला विचाराल तर तो या अर्ध्या तासात होता. तेव्हा तर वर पोचलोही नव्हतो.

तिथून गुहा जवळच. घाटाच्या तोंडाशी, कोकणाकडे बघणारी, चौकोनी, तिन्ही बाजूंना बाकासारखा दगडी ओटा. डाव्या आणि उजव्या भिंतीवर मिळून ब्राह्मी अक्षरांच्या वीस ओळी. भाषा प्राकृत. काळ साधारण इ.स.पू. पहिलं शतक, काही अभ्यासक थोडा आधीचा धरतात. मागच्या भिंतीवर एके काळी सातवाहन घराण्याचे पुतळे होते: राजा सिमुक, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, राजकुमार, शिवाय एक महारठी. आता पावलांच्या जेमतेम खुणा उरल्यात आणि वर कोरलेली नावं. फोटो फाटून गेला आणि खालची कॅप्शन राहिली, असं.

मोठा लेख या नागनिकेचा मानतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार दिक्पालांना नमस्कार. मग यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय आणि बरेच. प्रत्येक यज्ञात किती दक्षिणा दिली त्याचे आकडे. गायी १,७००. गायी १०,००१. हत्ती, घोडे, गावं. एके ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे नाणी.

या आकड्यांसाठी तो लेख जगभर ओळखला जातो. भारतात आकडे चिन्हांनी लिहिल्याच्या अगदी जुन्या उदाहरणांत नाणेघाट आहे. पण त्यात शून्य नाही. २४,४०० लिहायचं तर वीस हजाराचं एक चिन्ह, चार हजाराचं एक आणि चारशेचं एक. तीन चिन्हं, बेरीज करा. आपण कोड लिहिणारी माणसं हे बघून थोडी अस्वस्थ होतो, कारण प्रत्येक मोठ्या आकड्याला वेगळं चिन्ह पाठ करायचं म्हणजे सगळं हार्डकोड. तरीही काम चाललं होतं, आणि ज्यांचं चाललं होतं त्यांच्याकडे साम्राज्य होतं.

मित्रानं गुहेत बसून फोनवर हिशेब केला. कार्षापण चांदीचे धरले, एकेक सव्वातीन-साडेतीन ग्रॅमचा, तर २४,४०० नाण्यांचं वजन भरतं ऐंशी किलोच्या आसपास. म्हणाला, "एवढा गाजावाजा केलेलं दान एका बैलाच्या पाठीवर मावलं असतं रे." लेखात चांदी असं म्हटलेलं नाही, तांब्याचीही नाणी असायची, पण गणित मला आवडलं. तो बैल ज्या पायऱ्या चढला असता त्या आम्ही नुकत्याच चढलो होतो.

आमचं एका गोष्टीवर भांडणही झालं. घाटमाथ्याजवळ एक भलामोठा दगडी रांजण आहे. घाटाच्या नावात नाणं, शेजारी रांजण, म्हणून सगळे सांगतात की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जकात घेऊन नाणी यात टाकायचे. मित्राचं म्हणणं, "उघड्यावर, वाटेच्या कडेला, तोंड उघडं असलेल्या भांड्यात कुणी कॅश ठेवेल का? यात पाणी असणार." माझं म्हणणं, जकात नक्की घेत असतील, एवढी चालती वाट कुठला राजा फुकट सोडेल? पण रांजणावर काही तसं लिहिलेलं नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या दिवशी पाण्याच्या बाजूनं माझंही मत झुकलं होतं.

आता परत गोविंददासाकडे.

राणीचा लेख गुहेत आहे, वाटेच्या तोंडावर. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावा म्हणून. शिलालेख हा प्रकार बराचसा होर्डिंगसारखाच असतो. त्यातल्या गायी, हत्ती आणि नाणी मिळाली यज्ञाशी संबंधित लोकांना. घाट चढून आलेल्या हमालाला त्या यादीतलं काही मिळालं असेल असं दिसत नाही. त्याला मिळालं ते टाकं. राणीनं गुहा आणि पुतळे करवले म्हणून तिला नावं ठेवायचं कारण नाही. नवरा गेल्यावर कमी वयाच्या मुलाच्या वतीनं राज्य सांभाळणारी बाई होती ती, असं बरेच अभ्यासक मानतात, आणि तिला आपलं वजन भिंतीवर दाखवणं भागच असेल. पण सोपाऱ्याहून निघालेला माणूस या नाळेतून चढला, त्याची जीभ टाळ्याला चिकटली, आणि नंतर हातात पैसे आले तेव्हा त्यानं इथे खडक फोडून घेतला. हा माझा अंदाज आहे, लेखात फक्त दान नोंदलंय. अंदाज करायला मला पोटरीतला गोळा पुरेसा वाटला.

तो एकटाही नव्हता. याच घाटात आणखी एका टाक्याचा लेख आहे, वासिष्ठीपुत्र चतरपण सातकर्णी या राजाच्या तेराव्या वर्षातला. देणारा दामघोष नावाचा एक गृहस्थ, कामवन गावचा. आणि जुन्नरच्या लेण्यांत तर इरिल नावाच्या एका यवनानं दोन पोढ्या दिल्याची नोंद आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. कुठून कुठे आलेला माणूस, आणि जुन्नरला येऊन काय देतो, तर पाणी.

हे सगळं वाचलं कुणी? १८२८ साली विल्यम साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ही गुहा पडली. पुढे अनेकांनी त्यावर डोकं लावलं, पण मला सगळ्यात भारी वाटतात पंडित भगवानलाल इंद्रजी, जुनागढचे. नाणेघाटातल्या आकड्यांवर १८७६ साली त्यांचा लेख आला. आणि हेच गृहस्थ १८८२ मध्ये सोपाऱ्याला गेले, तिथला स्तूप उकरला, अशोकाच्या आदेशलेखाचा तुकडाही त्यांना तिथेच मिळाला. म्हणजे गोविंददासाच्या वाटेची दोन्ही टोकं एकाच माणसानं धुंडाळली.

वाट मात्र तोवर ओसरत चालली होती. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये तिथूनच रेल्वे वर चढली, दोन वर्षांनी थळघाटातूनही. बैलाच्या पाठीवर मीठ-तांदूळ लादून डोंगर चढण्यात मग अर्थ राहिला नाही. नंतर माळशेजचा डांबरी रस्ता झाला आणि मोठा व्यापार कायमचा तिकडून जायला लागला. वाटेवर उरले ते गावातले लोक, लाकूडफाटा, गुरं आणि शनिवार-रविवारचे आपण.

आम्ही गुहेत तासभर झोपलो. मग माथ्यावर आलो, समोर जीवधन किल्ला, बाजूला त्याचा वानरलिंगी सुळका, आणि खाली आम्ही चढून आलो ते सगळं जंगल एका तळहाताएवढं. मित्रानं गुडघ्याला बर्फाऐवजी ओला रुमाल बांधला होता. तो सपाटीवर माझ्या पुढे चालत होता आणि या वेळी मला धावत त्याला गाठावं लागत होतं. घाटघरला रात्री पिठलं-भाकरी, आणि सकाळच्या एसटीत तो खिडकीशी डोकं टेकवून जुन्नरपर्यंत झोपला.

जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी पकडा आणि आमच्यापेक्षा लवकर चालायला लागा. माणशी तीन लिटर पाणी घ्या, बाटल्या सॅकच्या आत ठेवा. गुहेतल्या अक्षरांना हात लावू नका, खडूनं तर अजिबात गिरवू नका. टाक्यात कचरा दिसला तर काढा, आणि पाय धुवायचे असतील तर पाणी बाहेर घेऊन धुवा.

पुढच्या भागात जुन्नरच्या लेण्यांत जाऊ. इरिलनं तिथे दोन टाकी दिली त्याच सुमाराला दुसऱ्या एका यवनानं भिक्षूंना जेवायला बसायची जागा करून दिली होती, ती गोष्ट तेव्हा. चला, भेटू.